शब्दार्थांची वही आणि कोर्टाचा कागद

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांवर इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तिकांना वर्षभर गिऱ्हाईक असते. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी अर्थ, उजवीकडे एक उदाहरणवाक्य, असा त्यांचा साचा ठरलेला. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा कंत्राटी कामगार, स्पर्धा परीक्षेसाठी कन्नड-वैजापूरहून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेली शेतकऱ्याची मुलगी, हे त्यांचे वाचक. त्यांच्या पाठांतराची टिंगल करणे हा पांढरपेशा विद्वानांचा जुना छंद आहे. भाषा अशी येत नसते, ती वातावरणातून झिरपावी लागते, असे ते बजावतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण वातावरण विकत घ्यावे लागते, हे सांगायला ते विसरतात. ज्याच्या घरात दोन पिढ्यांपासून इंग्रजी बोलले जाते, त्याला वहीची गरज पडत नाही. ज्याच्या घरात ते कधी आलेच नाही, त्याने वही करू नये तर काय करावे?

वही करणाऱ्याचा दोष नाही. दोष आहे तो त्याच्या हाती दिल्या जाणाऱ्या शब्दार्थांचा. 'डिसमिस' हा साधा शब्द घ्या. पुस्तिकेत 'बरखास्त करणे' एवढा अर्थ आणि वर्ग सुटल्याचे एखादे वाक्य दिले, की परीक्षेपुरते काम भागते. परंतु कामगाराच्या हाती पडलेल्या पत्रात हाच शब्द आला तर त्याची नोकरी गेलेली असते, आणि शेतकऱ्याच्या याचिकेवर आला तर ती फेटाळली गेलेली असते. 'लीव्ह' म्हणजे सोडणे, 'लीव्ह' म्हणजे रजा, आणि न्यायालयात 'लीव्ह' म्हणजे परवानगी. 'एक्झिक्यूट' म्हणजे फाशी देणे एवढेच पाठ केलेला मुलगा बापाच्या खरेदीखताच्या मसुद्यात तोच शब्द पाहून गोंधळणारच. तिथे त्याचा अर्थ दस्त करून देणे असा आहे. अर्थ शब्दाला एकट्याने नसतो, तो वाक्यात ठरतो. आणि वाक्य कोणाच्या जगातले निवडायचे, हा प्रश्न व्याकरणाचा नाही, वर्गाचा आहे. सहलीची, वाढदिवसाची आणि चहाच्या मेजवानीची वाक्ये घोकून मजुराच्या मुलाला शब्द येतो. त्याच शब्दाने त्याच्या घरावर आलेले संकट मात्र त्याला वाचता येत नाही.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून होते. मराठी कुणब्याला आपल्याच जमिनीचा सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. त्यात उर्दूचा काही अपराध नव्हता; ती या शहरातल्या हजारो कष्टकऱ्यांचीही भाषा होती आणि आहे. अपराध होता तो प्रजेचे भवितव्य प्रजेला न कळणाऱ्या भाषेत लिहिणाऱ्या राज्यव्यवस्थेचा. निजामी गेली, पण ती रीत गेली का? १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ या शहरात सुरू झाले, तेव्हा न्याय दारात आल्याचा आनंद मराठवाड्याने केला. तो दारात आला खरा, पण इंग्रजी बोलत आला. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी भांडणारा शेतकरी स्वतःच्याच खटल्यात आजही मुका श्रोता असतो.

यावर भाषाभिमान्यांचा उपाय म्हणजे मराठीचा जयजयकार. तो करणाऱ्या कित्येकांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाने तेवढे मातृभाषेचे व्रत पाळावे, अशी त्यांची अपेक्षा असते. डॉ. राममनोहर लोहियांचे नाव या दंभाच्या समर्थनार्थ घेऊ नये. 'अंग्रेजी हटाओ' म्हणणाऱ्या लोहियांनी स्वतः इंग्रजीत विपुल लेखन केले. त्यांचा रोख भाषेवर नव्हता. कचेरी, न्यायालय आणि शिक्षण यांवरील तिच्या मक्तेदारीवर होता. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्यांच्या मुलांना पदवीपर्यंत नेण्यासाठी. सत्तेची भाषा दलितांनी शिकू नये, असे त्यांनी कधी सांगितले नाही.

म्हणून लढा दुहेरी हवा. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे राज्यपाल राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची राजभाषा वापरण्यास परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे हिंदीला ती मिळालेली आहे. मग मराठीला का नाही, हा प्रश्न मराठवाड्यातून उठला पाहिजे.

पण तो सुटेपर्यंत कामगाराचे पत्र आणि शेतकऱ्याची नोटीस थांबणार नाही. २००० साली राज्याने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. मुलाला कवितेतली फळे-फुले आली, बापाला आलेली नोटीस आली नाही. कार्यकर्त्यांनी इथे हात घातला पाहिजे. वस्तीत संध्याकाळचा एक तास मिळाला तरी पुरे. त्या वस्तीत आलेले खरे कागद, म्हणजे बँकेची नोटीस, कंत्राटाचा करार, न्यायालयाचा आदेश, समोर ठेवावेत. शब्द त्यातून निवडावा, अर्थ मराठीत सांगावा आणि उदाहरणवाक्य शिकणाऱ्याने स्वतःच्या कामावरचे करावे. हे धर्मादाय शिकवणीचे काम नव्हे, ते संघटनेचे काम आहे. ज्या कामगाराला 'डिसमिस'चे तिन्ही अर्थ ठाऊक आहेत, तो कोऱ्या कागदावर अंगठा उठवणार नाही आणि भरलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सहीही करणार नाही.