सल्लागारांचे कार्यादेश रयतेस आधीं दाखवावेत

सरकारनें बाहेरील सल्लागार नेमूंच नयेत असें माझें म्हणणें नाहीं. जी विद्या खात्यांत नाहीं ती मोल देऊन घ्यावी लागते. प्रश्न आहे तो कार्यादेशाचा. म्हणजे अमुक काम, अमुक मुदतींत, अमुक मोबदल्यांत करावें, असा जो लेखी हुकूम सल्लागारास मिळतो, तो कोण लिहितो व कोण मंजूर करतो याचा.

लातूरकरांस उदाहरण दूर शोधावयास नको. 2016 सालीं मांजरा धरण आटलें आणि एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पुढें मराठवाड्यांतील 11 धरणें नळांनीं जोडण्याची कल्पना निघाली, व तिच्या आराखड्यासाठीं 2018 सालीं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानें इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशीं करार केला. कंपनीच्या विद्येविषयीं शंका नाहीं. परंतु मांजरेच्या लाभक्षेत्रांत ज्याची जमीन आहे त्याचा पहिला सवाल असा कीं, तुटीच्या वर्षीं पिण्याचें, कारखान्याचें व पिकाचें पाणी कोणत्या क्रमानें तोडावयाचें? असा सवाल कार्यादेशांत असेल तरच सल्लागार त्याचें उत्तर देईल. नसेल तर नळांची लांबी मोजून तो मोकळा होईल, आणि त्यास दोषही देतां येणार नाहीं.

मीं सव्वीस वर्षें महसुलांत कारकुनी केली. एकदां आमच्या कचेरीनें बाहेरच्या गृहस्थांकडून विहिरींची पाहणी करविली. हुकुमांत 'पाहणी करून अहवाल द्यावा' एवढेंच होतें. कोणत्या महिन्यांत, पाणी मोजावयाचें कीं नुसती विहीर, कांहींच नाहीं. त्यांनीं ऐन भाद्रपदांत पाहणी केली. सर्व विहिरी तुडुंब! अहवाल सुबक बांधलेला होता. बिलावरील टिपण मींच लिहिलें. नामंजुरीस आधार सांपडेना.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागाराच्या कामाचा उद्देश व व्याप्ति आधीं लिहून काढावी, आणि काम चालू असतां खात्यानें लक्ष ठेवावें, असें सांगितलें आहे. नियम उत्तम. पण मसुदा करणारा, तो मंजूर करणारा व अहवाल पसंत करणारा एकाच कचेरींत बसत असले, तर चूक दाखविणार कोण?

याकरितां जमीन व पाणी यांविषयींचा प्रत्येक कार्यादेश मंजुरीपूर्वीं मराठींत छापून महिनाभर ग्रामपंचायतींत व पाणीवापर संस्थांत ठेवावा, आणि हप्ता महिने मोजून नव्हे, तर ठरलेलें काम तपासून द्यावा. (पुष्कळदां विकत घेतलेली माहिती तलाठ्याच्या दप्तरांत आधींच असते, तीही पाहावी.) विलंबाचा आक्षेप निघेल; पण मागाहून मुदती वाढविण्यांत जो काळ जातो त्यापुढें एक महिना तो किती?

आपल्या संस्थेनें येत्या सभेंत जिल्हाधिकाऱ्यांकडे असा अर्ज करण्याचें ठरवावें. मसुदा लिहून देण्यास मी तयार आहें.