विरोधी बाकावरचे डॉ. आंबेडकर

द्वितीय वर्ष, कला

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आपल्या महाविद्यालयात दरवर्षी भाषणे होतात, निबंधस्पर्धा होतात, भित्तिपत्रके निघतात. त्या सर्वांचा क्रम ठरलेला असतो. महाडचे चवदार तळे येते, पुणे करार येतो, २६ नोव्हेंबर १९४९ येतो आणि मग एकदम १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर येते. मधली सात वर्षे जणू नव्हतीच! फार तर १९५१ सालचा कायदेमंत्रिपदाचा राजीनामा एका वाक्यात उरकला जातो. परंतु १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत डॉ. आंबेडकर राज्यसभेचे सभासद होते आणि विरोधी बाकावरून बोलत होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राज्यघटना अभ्यासक्रमात शिकणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांचा हा काळ गाळून पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते राज्यसभेत कसे आले, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. ज्यांच्या देखरेखीखाली घटनेचा मसुदा तयार झाला, त्यांना त्याच घटनेने निर्माण केलेल्या लोकसभेचे दार उघडले नाही. वरिष्ठ सभागृहाची निवडणूक मात्र निराळ्या रीतीने होते. तेथे विधानसभेचे आमदार प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने मत देतात. त्यामुळे ज्या पक्षाजवळ बहुमत नाही, त्याचाही एखादा माणूस निवडून येऊ शकतो. मुंबई राज्यातून डॉ. आंबेडकर आले ते या वाटेने. त्या वेळी या सभागृहाचे इंग्रजी नावच रूढ होते. ‘राज्यसभा’ हे नाव ऑगस्ट १९५४ मध्ये मिळाले.

आमचे काही मित्र म्हणतात की, राज्यसभा म्हणजे पडलेल्यांची धर्मशाळा. तेथे बोलून काय उपयोग? मंत्रिमंडळ जबाबदार असते लोकसभेला. अर्थविधेयक राज्यसभा चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ अडवू शकत नाही. हे सारे खरे आहे. परंतु माझ्या मते, म्हणूनच तेथील भाषणे वाचली पाहिजेत. ज्याच्या हातात सत्ता नाही, ज्याच्यामागे मतांचा गठ्ठा नाही, त्याच्याजवळ फक्त युक्तिवाद उरतो. तो युक्तिवाद केवढा असू शकतो, हे या चार-साडेचार वर्षांत दिसते.

पहिले उदाहरण २ सप्टेंबर १९५३ चे घेऊ. आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणांतिक उपोषणानंतर तेलुगू भाषकांचे वेगळे राज्य होणार होते. सभागृहात भाषेची, सीमेची, राजधानीची चर्चा होत होती. डॉ. आंबेडकरांनी निराळाच प्रश्न विचारला. भाषावार राज्यात जी जात संख्येने मोठी, तिच्याच हाती राज्य जाणार. मग लहान जातींनी आणि अस्पृश्यांनी दाद कोणाकडे मागायची? त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला काही विशेष अधिकार असावेत, असा त्यांचा आग्रह होता. ‘घटना तुम्हीच केलीत ना?’ असा टोमणा आला, तेव्हा ते संतापले. आपण सांगकाम्या होतो, आपल्या इच्छेविरुद्धही पुष्कळ करावे लागले, आणि ही घटना जाळायची तर पहिला माणूस मी असेन, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

हे उद्गार आज सर्वांना पाठ आहेत. घटनेची निंदा करणारेही ते सांगतात आणि बाबासाहेबांची निंदा करणारेही सांगतात. पण त्या दिवशी ते कशासाठी बोलत होते, हे दोघेही सांगत नाहीत. घटनेने अल्पसंख्याकांना दिलेले संरक्षण अपुरे पडते, ही त्यांची तक्रार होती. संरक्षणच नको, असे म्हणणाऱ्यांनी त्या वाक्याचा आधार घ्यावा, यासारखा विपर्यास नाही.

शिवाय प्रकरण तेथे संपले नाही. १९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सभासदाने त्यांना त्या वाक्याची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर टाळले नाही. आपण देवासाठी देऊळ बांधले, परंतु देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच तेथे सैतान येऊन बसला, तर देऊळ मोडण्यावाचून दुसरा मार्ग कोणता, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. राग देवळावर नव्हता, आत येऊन बसलेल्यावर होता. पहिले वाक्य सर्वत्र पोचले आणि दुसरे सभागृहाच्या कामकाजात पडून राहिले, याला आपले अर्धवट वाचन कारण आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर १९५४ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक राज्यसभेपुढे आले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले होते, पण ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा देशव्यापी कायदा अजून व्हायचा होता. असे विधेयक आल्यावर डॉ. आंबेडकर सरकारला धन्यवाद देऊन खाली बसतील, असे कोणालाही वाटले असते. त्यांनी प्रथम हरकत घेतली ती विधेयकाच्या नावालाच! या नावावरून लोकांना वाटेल की धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू विकला नाही, एवढ्या किरकोळ गोष्टींसाठी हा कायदा आहे. वस्तुतः तो माणसाच्या नागरी हक्कांच्या रक्षणाचा कायदा आहे, आणि त्याच्या नावात ते स्पष्ट म्हटले पाहिजे, असे त्यांनी सुचविले.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या आजोबांनी हॉटेलाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा घेतला आणि तो कप स्वतः विसळून ठेवला, ते असे म्हणणार नाहीत. कप वेगळा असणे ही लहान गोष्ट आहे, असे सांगून सांगूनच ती प्रथा इतकी वर्षे टिकली. ‘तुझ्याशी कोणी वाईट वागले’ असे म्हणणे आणि ‘तुझा हक्क कोणी हिरावून घेतला’ असे म्हणणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात दया मागावी लागते, दुसऱ्यात न्याय मागता येतो.

त्यांची सूचना तेव्हा मान्य झाली नाही. १९५५ साली कायदा जुन्याच नावाने झाला. पुढे १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले. ती दुरुस्ती केवळ त्या एका भाषणामुळे झाली, असा माझा दावा नाही. पण विरोधी बाकावरच्या एका सभासदाने मांडलेला विचार बावीस वर्षांनी कायद्याच्या पहिल्याच ओळीत येऊन बसला, ही वस्तुस्थिती आहे. तो दिवस पाहायला ते नव्हते.

यावर आक्षेप येईल की, बावीस वर्षे लागत असतील तर असल्या चर्चेचा उपयोग काय? नाव बदलले म्हणून गावे बदलली का? आक्षेप खोटा नाही. कायद्यामागे चळवळ नसेल तर तो कागदावरच राहतो, हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक होते? तरीही रस्त्यावरच्या माणसाला आपले म्हणणे मांडायला शब्द लागतात, आणि ते कोणीतरी आधी विचारपूर्वक घडवून ठेवावे लागतात. पराभव समोर दिसत असताना त्यांनी ते घडवून ठेवले, हे मी फार मोठे काम मानतो.

आपल्या वक्तृत्वस्पर्धांकडे या दृष्टीने पाहावे. तेथे आपण टाळ्यांचे वाक्य शोधतो, परीक्षकांकडे पाहतो, ढाल मिळाली की विषय विसरतो. ज्या बाजूला मते नाहीत, त्या बाजूने पूर्ण तयारी करून बोलण्याची सवय आपल्याला कोणी लावत नाही, आणि आपणही लावून घेत नाही.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या मालेत पंधरावा खंड संसदेतील कामगिरीचा आहे. तो इंग्रजीत आहे व जाडजूडही आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला तो शब्दकोश जवळ ठेवूनच वाचावा लागतो. तरी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, येत्या वर्षी जयंतीला एक भाषण कमी ठेवावे आणि त्या वेळात या खंडातील एक चर्चा, मंत्र्यांच्या उत्तरांसह, वर्गात मोठ्याने वाचावी. दोन्ही बाजू ऐकून मग आपण आपले मत बनवू.