पडद्यामागची मुलगी

स्नेहसंमेलनाच्या नाटकात अभ्यासात मागे असलेल्या मुलीला झाड करून उभे करायचे, हा आपल्या शाळांचा जुना रिवाज. आम्हीही तो पाळला आहे.

जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही इतिहास शिकवीत होतो. सातवीतील एका मुलीला वाचताना ओळ सापडत नसे. अक्षरे उलटसुलट होत. महाडच्या सत्याग्रहावरील नाटुकल्याच्या तालमींना ती कोपऱ्यात बसून असे. प्रयोगाच्या दिवशी मुले संवाद विसरली, तेव्हा हातात कागद न घेता पडद्यामागून सर्वांचे संवाद तीच पुरवीत होती. आम्ही तिची पाठ थोपटली आणि वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकावर ‘अनुत्तीर्ण’ लिहून मोकळे झालो. जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही. ही 1998 सालची गोष्ट. ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हता, हे खरे. पण जे तिच्या कंठातून आम्ही ऐकले होते, त्यासाठी कोणता शब्द लागणार होता?

आज शब्द आहे, कायदाही आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. तरी आपल्या वस्त्यांतील आईबाप हे शब्द टाळतात. ‘यांना विद्या चढत नाही’ असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाला लेकीच्या कपाळी आणखी एक शिक्का नको असतो. त्यात लग्नाची चिंता. परंतु शब्द टाळला की परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक हेही हातचे जातात.

भीमराव कर्डकांच्या जलशाने अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून, संवादांतून पोहोचविला. त्या श्रोत्यांना आपण मंदबुद्धी म्हणत नाही. मग वाचता न येणाऱ्या मुलीला ऐकून, हालचाल करून शिकू देण्यात संकोच कशाचा? जलशांत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. ती उणीव तरी आपण भरून काढावी.

नाटकाने स्वमग्नता ‘बरी’ होत नाही. तो आजारच नव्हे. पण बसमध्ये तिकीट मागणे, दुकानात उरलेले पैसे मोजून घेणे, अंगाला हात लावणाऱ्याला घरच्या अहिराणीत ‘मना हात सोड’ असे ठणकावणे आणि लगेच बाईंना सांगणे, यांची तालीम करता येते. मुलींच्या बाबतीत ही शेवटची तालीम आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. ज्या मुलीला आयुष्यभर ‘गुमान बस’ एवढेच शिकविले, तिला ‘नाही’ म्हणण्याचा सराव कोठे मिळणार? त्यासाठी तालीम रोज एकाच वेळी, एकाच जागी हवी. पुढे काय होणार ते चित्रे दाखवून आधी सांगावे. मुलीला नको असेल तर तिला उठून जाऊ द्यावे. जी बोलत नाही तिला मूक भूमिका असावी, पण कथेला वळण देणारी. आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून कोणाही मुलीला रंगमंचावर आणू नये.

निवासी शाळेत सायंवंदनेनंतरचा तास मोकळा असतो. जळगाव-धुळ्यात नाटक करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यातील काही तास द्यावेत. येताना ढोल मात्र घरीच ठेवावा. काही मुलींना तो आवाज सोसवत नाही.