२५० अंशांचा पुरावा : काय सांगतो, काय सांगत नाही

११ सप्टेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक दावा फिरू लागतो : 'अमेरिकेच्या सरकारी अहवालानुसारच वर्ल्ड ट्रेड सेंटरचे पोलाद २५० अंशांपेक्षा जास्त तापले नव्हते. मग मनोरे कोसळले कसे?'

मित्रांनो, आकडा खोटा नाही. तो कुठून आला ते पाहू. एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेने २००५ च्या अहवालासाठी खांबांवरचा प्रायमर रंग तपासला. तापल्यावर रंग आणि पोलाद सारखे प्रसरण पावत नाहीत. २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की रंगाला सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. बाहेरच्या खांबांवरील १७० हून अधिक जागा पाहिल्या, त्यांत तीनच ठिकाणी अशा खुणा सापडल्या. त्यातली एक तर बहुधा मनोरा पडल्यावर ढिगाऱ्यातल्या आगीची.

पण त्याच अहवालातले पुढचे विधान फॉरवर्डमध्ये कापलेले असते. आगीच्या मजल्यांवरील बाहेरच्या खांबांपैकी ३ टक्क्यांहून कमी आणि गाभ्यातल्या खांबांपैकी १ टक्क्याहून कमी भाग तपासता आला. त्यावरून सगळ्या इमारतीची स्थिती ठरवता येणार नाही, असे संस्था स्वतःच सांगते. शिवाय पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागत असले, तरी इमारत पडायला ते वितळावे लागत नाही. ६०० अंशांच्या आसपास त्याची ताकद जवळपास निम्मी होते. विमानांच्या धडकेने अग्निरोधक लेपही उडाला होता.

तेव्हा हा दावा मला पटत नाही. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी : गाभ्यातले खांब किती तापले, याचे अहवालातले चित्र मुख्यतः संगणकीय प्रारूपावर उभे आहे, हाती आलेल्या तुकड्यांवर नाही. 'सरकारी अहवाल आहे, म्हणजे विषय संपला' हेही म्हणूनच चालणार नाही.

मग तुकडे गेले कुठे? भंगारात. एनआयएसटीची चौकशी ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाली, तोवर बहुतेक पोलाद विकले गेले होते. त्यातले काही तर जहाजाने आपल्या चेन्नई बंदरात उतरले. पंचनाम्याआधी जागा साफ झाली की खटल्याचे काय होते, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. तिथेही तेच झाले. दोन्ही मनोऱ्यांच्या सुमारे २ लाख टन पोलादातून तपासणाऱ्यांच्या हाती उरले २३६ तुकडे, म्हणजे फार तर अर्धा टक्का.