गल्ल्यामागच्या मुलांचा हिशेब

ब्रिटनमध्ये मुलांसंबंधीचा १९३३ सालचा एक कायदा आहे. त्यातले एक लहानसे कलम सांगते की नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात एखादे मूल हातभार लावत असेल, तर त्याला मोबदला मिळो वा न मिळो, ते कामाला आहे असेच धरावे. शाळेच्या दिवशी दोन तासांहून जास्त काम नको आणि संध्याकाळी सातनंतर तर मुळीच नको, अशी बंधनेही या कायद्यात, पुढच्या दुरुस्त्यांसकट, आहेत. आता ब्रिटनमधल्या कुठल्याही लहानशा गावातले चायनीज टेकअवे डोळ्यांपुढे आणा. बसून खायची सोय नाही, नुसते पार्सल. दुकान उघडते संध्याकाळी, खरी गर्दी होते सातनंतर आणि अकराला पब बंद झाले की शेवटची लाट येते, तीही बऱ्याचदा झिंगलेली. आत भटारखान्यात आईवडील कढईपुढे उभे असतात. बाहेर काउंटरवर, फोनवर आणि गल्ल्यावर बारा-तेरा वर्षांची मुलगी असते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत हे दृश्य इतके सवयीचे झाले होते की त्यात कायद्याचा काही प्रश्न आहे, असे तिच्या हातून पुडके घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटण्याचे कारणच नव्हते.

या मुलांविषयी आता बरेच बोलले जाते. ती मोठी झाली, त्यांतल्या काहींनी पुस्तके लिहिली, खाद्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्यांना त्या काउंटरमागच्या जगाचे कौतुक वाटू लागले. या बोलण्यात दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: कष्टाळू कुटुंब, गुणी मुले, धंदाही सांभाळला आणि अभ्यासही केला. दुसरा हळहळीचा: बिचाऱ्यांचे बालपण तळणीच्या वासात गेले. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोन्हींत मुलांच्या कामाकडे भावनेचा विषय म्हणून पाहिले जाते. ते मुळात अर्थव्यवहाराचा विषय आहे. ब्रिटनभर पसरलेला हा धंदा मुलांच्या बिनपगारी कामावाचून त्या रूपात उभाच राहिला नसता. घराने त्याला मदत म्हटले, सरकारनेही तसेच समजून डोळेझाक केली आणि या एका शब्दाच्या सोयीने ते काम सगळ्यांच्या हिशेबातून बाहेर राहिले. ते काम होते, असे स्पष्ट म्हणायला हवे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चिनी संस्कृतीच तशी आहे, तिथे मुले आईवडिलांच्या शब्दाबाहेर नसतात. संस्कृतीचे हे स्पष्टीकरण फार आळशी आहे, कारण त्यात इतिहासाची गरजच उरत नाही. आणि इतिहास वेगळेच सांगतो. हे टेकअवेवाले बहुतांशी हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधले शेतकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंड आणि इतर ठिकाणांहून स्वस्त तांदूळ येऊ लागला, तसा त्यांचा भात विकेनासा झाला. चीनमधून आलेल्या निर्वासितांनी त्याच भागात खंडाने जमिनी घेऊन भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. पण सान टिनसारख्या गावात खाडीकाठची खारवट जमीन, तिथे भाजी होणेही अवघड. मान या एकाच आडनावाच्या त्या गावाचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. गावातले बहुतेक धडधाकट पुरुष युरोपातल्या उपाहारगृहांत कामाला गेले होते आणि गावात त्यांच्या पैशातून घरे उठत होती. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या चाकरमान्याची मनिऑर्डर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. मुद्दा असा की हे पुरुष एकटे गेले होते. मुले गावी आजी-आजोबांपाशी होती. काउंटरमागे मूल उभे करणे हा चिनी संस्कृतीचा नियमच असता, तर तो पन्नाशीच्या दशकातही दिसला असता.

मग मूल काउंटरमागे आले कसे? ब्रिटिश कायद्याने आणले, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने कामगारांना व्हाउचरची अट घातली. माणूस हवा तर मालकाने त्याच्यासाठी अर्ज करायचा आणि वाट पाहायची. पुढे १९७१ च्या कायद्याने ही वाट आणखी अरुंद केली. बायको आणि अल्पवयीन मुले मात्र आश्रित म्हणून येऊ शकत होती. म्हणजे परका नोकर आणणे जिकिरीचे आणि घरचे माणूस आणणे त्या मानाने सोपे. त्यातच १९६६ साली विल्सन सरकारने सेवाक्षेत्रातल्या पगारी नोकरांमागे मालकावर कर बसवला. कर पगारी हातांवर होता. बायकामुलांच्या बिनपगारी हातांवर नव्हता. १९७३ साली तो कर गेला आणि मूल्यवर्धित कर आला, तेव्हा बसून खाण्यावर कर लागला, गरम पार्सलवर नाही. ती सवलत १९८४ पर्यंत टिकली. टेबले, वाढपी, पांढरे टेबलक्लॉथ यांवर पैसा घालण्यापेक्षा खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि घरचीच माणसे हे गणित का बसले, हे समजायला कन्फ्यूशियसपर्यंत जाण्याची गरज नाही. धंद्यात स्पर्धा नको म्हणून प्रत्येक कुटुंबाने वेगळे गाव गाठले. वेल्सच्या खाणगावापासून स्कॉटलंडच्या मासेमारीच्या बंदरापर्यंत एकेक दुकान उभे राहिले. गावात चिनी घर एकच, त्यामुळे मदतीला शेजारी नाही, मावशी-काकू नाही. मूल होते.

आणि त्या मुलाकडे असे काही होते जे आईवडिलांकडे नव्हते. कोलंबी सोलणे, कांदा चिरणे, बटाट्याची पोती उपसणे, कोलंबीचे पापड पिशव्यांत भरणे, या कामांना आपण हातभार म्हणू शकू; ती कुणीही केली असती. पण गिऱ्हाइकाचे इंग्रजी समजून घेणे, फोनवर गावठी उच्चारातली ऑर्डर अचूक उतरवणे, पैसे न देता निघालेल्याला थांबवणे, डोळे ताणून चिडवणाऱ्याला हसून उत्तर देणे, हे सगळे फक्त मूलच करू शकत होते. दुकान बंद असतानाही ते सुटत नसे. बँकेचे पत्र, नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक, करखात्याचा अर्ज, आईची डॉक्टरकडची तपासणी, सगळीकडे दुभाषा म्हणून तेच. आईला स्त्रीरोगाविषयी डॉक्टर काय विचारतो आहे हे अकरा वर्षांच्या मुलाने सांगायचे, या प्रसंगात अवघडलेपण तर आहेच. शिवाय तिथे एक पगारी दुभाषा असायला हवा होता आणि तो नव्हता, ही प्रशासनाची बाबही आहे. ब्रिटिश संसदेच्या गृह व्यवहार समितीने १९८५ साली चिनी समाजावर स्वतंत्र अहवाल काढला, तेव्हा विखुरलेली वस्ती आणि भाषेची अडचण या गोष्टी नोंदवल्या गेल्या. म्हणजे माहिती नव्हती असे नाही. ती अडचण घरातल्या घरात, फुकटात सुटत होती, म्हणून तिची निकड वाटली नाही. गावाला रात्री अकरा वाजता स्वस्तात मिळणारे चाऊमीन आणि सरकारी दवाखान्याचे वाचलेले पैसे, दोन्हींत या मुलांच्या वेळेचा वाटा होता.

कौतुक करणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे शाळेचे निकाल. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत चिनी वंशाची मुले वर्षानुवर्षे सर्व गटांत पुढे असतात आणि शाळेत फुकट जेवणाला पात्र ठरणारी गरीब चिनी मुलेही इतर गटांतल्या गरीब मुलांना बरीच मागे टाकतात. मग काउंटरने त्यांचे काय बिघडवले? आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र लंगडा आहे. एक तर या आकड्यांत अलीकडे आलेल्या प्राध्यापक, इंजिनिअर, व्यावसायिक यांचीही मुले आहेत. ते टेकअवेचे प्रगतिपुस्तक नव्हे. दुसरे म्हणजे एखादी गोष्ट सोसून मूल यशस्वी झाले, म्हणून ती गोष्ट यशाचे कारण ठरत नाही. शिवाय टेकअवेच्या आईवडिलांना स्वतःला काय वाटत होते ते पाहा. अभ्यास कर, नाहीतर आयुष्यभर इथेच कढई हलवत बसशील, असा धाक ज्या घरात घातला जातो, त्या घराने आपल्या धंद्याबद्दलचे मत देऊनच टाकलेले असते. मुलांनी ते ऐकले. ती हिशेबनीस झाली, औषधविक्रेती झाली, संगणकाकडे वळली आणि दुकानाला वारस उरला नाही. वर्ग बदलण्याची ही शिडी मुलांनी स्वतःच्या श्रमाने धरून ठेवली होती. पण कौतुकाच्या भाषणांत श्रेय जाते आईवडिलांच्या त्यागाला आणि फार तर ब्रिटनच्या खुल्या समाजाला. त्यागाच्या या गोष्टीत मुलाच्या वाट्याला येते ते फक्त ऋण. आईवडिलांनी तुझ्यासाठी हाडांची काडे केली, हे वाक्य त्याला कायमचे बांधून ठेवते. संध्याकाळचे पाच-सहा तास, आठवड्याचे सहा दिवस, सात-आठ वर्षे त्यानेही दिले, ही जमा बाजू कुणी लिहीत नाही.

घरच्या कामात मुले जगभर राबतात, शेतकऱ्याचे पोर बैल हाकतेच, मग चिनी दुकानाचेच काय एवढे, असेही कुणी म्हणेल. आपल्याकडे तर नक्कीच म्हणेल. कारण आपण नेमका मदत हाच शब्द कायद्यात घालून ठेवला आहे. २०१६ च्या दुरुस्तीने भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास सरसकट बंदी केली. पण शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, धोक्याच्या नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मूल मदत करू शकते, अशी वाटही ठेवली. त्यात कुटुंबाची व्याख्या काका, मामा, आत्या, मावशीपर्यंत पोचते. ब्रिटनचा कायदा म्हणतो, मदत हेही काम. आपला म्हणतो, मदत म्हणजे काम नव्हे. प्रत्यक्षात दोन्हीकडे फळ एकच मिळाले, कारण तिथला कायदा कागदावर राहिला. मोजण्याचे एकक कुटुंब झाले की मूल अदृश्य होते, याचे महाराष्ट्राइतके ठळक उदाहरण दुसरे नसेल. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचलही कोयत्यावर मिळते. वाढे बांधणारी आणि धाकट्या भावंडाला सांभाळून आईचे हात मोकळे करणारी मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते. टेकअवेची मुलगी आणि फडातली मुलगी यांच्या हालांची बरोबरी मी करत नाही. ती अप्रामाणिक ठरेल. पहिली शाळेत जात होती, दुसरीची शाळाच हंगामात सुटते. पण दोघींच्या कामाला नाव न देण्याची युक्ती एकच आहे.

मग काय, निरीक्षक पाठवून दुकाने बंद करायची होती का? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. सातच्या ठोक्याला कायदा राबवला असता, तर दंड भरावा लागला असता तो भाषा न येणाऱ्या, कर्ज काढून दुकान घेतलेल्या माणसालाच. गरिबाच्या धंद्यावर बालहक्कांची काठी उगारणे सोपे असते आणि परक्या वंशाच्या गरिबावर तर अधिकच. पण कामाला काम म्हणणे याचा एकमेव अर्थ खटला भरणे असा होत नाही. काम म्हटले असते, तर ते दुसऱ्या कुणी तरी करायला हवे, हा प्रश्न आपोआप पुढे आला असता. दवाखान्यात दुभाषा ठेवावा लागला असता. काउंटरवर माणूस ठेवण्याइतका परवाना किंवा सवलत द्यावी लागली असती. सकाळी पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलीला शाळेने आळशी न ठरवता विचारले असते की रात्री दुकान किती वाजता बंद झाले. चाऊमीनही थोडे महागले असते. हे शेवटचे बहुधा गावाला सगळ्यांत जड गेले असते.

राहता राहिली ती मुले. आम्ही मजूर नव्हतो, आम्ही घराला मदत करत होतो, असे त्यांतली अनेकजण आजही ठामपणे सांगतात आणि त्यांच्या आठवणींना खोटे पाडण्याचा अधिकार लेख लिहिणाऱ्याला नाही. समाजशास्त्रज्ञ मिरी साँग यांनी ब्रिटनमधल्या टेकअवे कुटुंबांतल्या तरुणांशी बोलून १९९९ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नावच या मदतीवरून घेतले आहे. घराघरांत एक न बोललेला कामाचा करार असतो, असे त्या दाखवतात. तो प्रेम, कर्तव्य आणि गरज यांनी मिळून बांधलेला असतो. त्यात जबरदस्ती शोधत गेलात तर हाती फारसे लागत नाही. पण त्याच घरांतली भावंडे एकमेकांविषयी बोलू लागली की सूर बदलतो. कोण दुकानात उभे राहिले आणि कोण अभ्यासाचे निमित्त काढून वर खोलीत गेले, कोण गुणी ठरले आणि कोण स्वार्थी, कोण दूरच्या विद्यापीठात गेले आणि कोण शनिवारी रात्री काउंटर सांभाळायला परत येत राहिले, हे त्यांना वर्षांनंतरही नीट आठवत असते. आईवडिलांशी बोलताना जी फक्त मदत असते, तिचे तास भावंडांमध्ये मोजलेले असतात.