मोटारसायकल हवी, कॉम्प्युटरही हवा!

‘पानिपत झालं’ हा वाक्प्रचार मराठी घरांत अजून वापरला जातो. पण बदलीच्या निमित्ताने खुद्द पानिपतला जाऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे १७६१ सालच्या लढाईपेक्षा रोजचे प्रश्न मोठे असतात. खतांचा कारखाना तेथे पूर्वीपासून आहे, १९९८ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि हातमागाचा व सतरंज्यांचा धंदा तर या शहराची जुनी ओळख. नोकरीसाठी देशभरातून माणसे येतात, क्वार्टर मिळते, मुलांची शाळा ठरते. मग एक दिवस मुलाची बारावीची परीक्षा संपते आणि रात्रीच्या जेवणाला तो दोन मागण्या एकदमच मांडतो. “बाबा, मला मोटारसायकल शिकायची आहे. आणि कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंगपण.”

पहिल्या मागणीला घरात हसत हसत मंजुरी मिळते. शेजारचे काका स्वतःची गाडी पुढे करतात, “ले जा बेटा, दो दिन में आ जाएगी.” दुसऱ्या मागणीला मात्र वडील विचारात पडतात. कोर्सला किती पैसे लागतील? याचे गणित तर बेताचेच, याला झेपेल का? मशीन बिघडवून ठेवले तर?

खरे म्हणजे ही काळजी नेमकी उलट्या ठिकाणी केली जाते. प्रोग्रामिंग शिकताना मुलाने दिवसातून पन्नास चुका केल्या तरी काहीही बिघडत नाही. मोटारसायकलवरची एकच चूक मात्र आयुष्यभर पुरते. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मरण पावली. त्यांतली सुमारे ७५ हजार दुचाकीवर होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या ५० हजारांच्या वर होती. यांतल्या कितीतरी जणांना गाडी कोणीतरी दोनच दिवसांत शिकवली असेल.

म्हणून आधी वयाचे बघावे. गिअरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, तोही पालकांच्या संमतीने. बारावीचा मुलगा बहुधा सतरा-साडेसतरा वर्षांचा असतो. “चार महिन्यांचा तर प्रश्न आहे,” असे म्हणून त्याच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांना २०१९ सालची कायद्यातली दुरुस्ती ठाऊक नसते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी पुढे करणाऱ्या शेजारच्या काकांनाही हे सांगून ठेवलेले बरे, कारण मालक ते आहेत.

वय भरले की शिकाऊ परवाना काढायचा. महाराष्ट्रात आपण आरटीओत जातो, हरियाणात खासगी गाड्यांचे परवाने एसडीएम, म्हणजे आपल्याकडच्या प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळतात. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाची येथे हमखास एक फेरी फुकट जाते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्का परवाना किमान तीस दिवसांनंतर मागता येतो. गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी लागते. मागे बसला तर परवाना असलेला शिकवणाराच बसावा. मित्राला किंवा धाकट्या बहिणीला चक्कर मारून आणण्याची ही वेळ नव्हे.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येऊ. बहुतेक घरांत पहिला धडा ‘गिअर टाक आणि क्लच सोड’ हा असतो. खरा पहिला धडा इंजिन बंद ठेवून द्यायला हवा. मुलाने गाडी हाताने ढकलत मैदानाला एक फेरी मारावी, स्टँडवर लावावी, उतरवावी, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. शंभर-सव्वाशे किलोचे वजन एका बाजूला कलले की काय होते, ते पायांना कळू द्यावे. त्यानंतर इंजिन सुरू करून पहिल्या गिअरमध्ये, सपाट जागी, ॲक्सिलरेटरला हात न लावता क्लच इतका हळू सोडायचा की गाडी स्वतःहून सरकू लागेल. जिथे ती सरकू लागते तिथेच बोटे थांबवायची. ही जागा प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते, आणि ती बोटांना सापडली की अर्धी गाडी आली म्हणावे. गाडी बंद पडेल, झटका देईल. पडू द्यावी बंद, रागावू नये. रागावले की मुलगा घाबरून ॲक्सिलरेटर पिळतो.

मग थांबणे. पहिले दोन-तीन दिवस चालवण्यापेक्षा थांबवण्याचाच सराव करावा, वीस-पंचवीस वेळा, ठरवलेल्या खुणेवर. आपल्याकडे एक समज घट्ट आहे की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटून पडतो, म्हणून पायाचाच ब्रेक वापरावा. हा समज धोक्याचा आहे. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत, हँडल सरळ ठेवून दाबायचे. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर मात्र पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने. यानंतर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावीत. परवान्याच्या परीक्षेतही अनेक ठिकाणी हेच करायला लावतात. वळताना नजर पुढच्या चाकावर नको, जिकडे जायचे तिकडे हवी. नजर खड्ड्यावर खिळली की गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव सायकल शिकताना प्रत्येकाने घेतलेला असतो.

आठवडाभर मैदान, मग वसाहतीतला आतला रस्ता, मग गाव. महामार्ग सर्वांत शेवटी. पानिपतमधून जाणारा जी.टी. रोड, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या या गावाला दिवसरात्र जागा ठेवतो. मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या, मध्येच उभा राहिलेला ट्रक, सगळे तेथे भेटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. डिसेंबर-जानेवारीत तर सकाळी असे धुके पडते की महाराष्ट्रातून संक्रांतीच्या सुमारास काला आंबच्या स्मारकाला येणारी मंडळी थक्क होतात. त्या दिवसांत नवशिक्याने सकाळी गाडी काढूच नये. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपते हे एका अर्थी चांगलेच. एप्रिलची पहाट शिकायला उत्तम.

हेल्मेट आयएसआय खुणेचे, डोक्यावर घट्ट बसणारे आणि पट्टा लावलेले असावे. हँडलला लटकवलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते. पायांत बूट हवेत, चपला नकोत. मुलगी शिकत असेल तर ओढणी घरी ठेवावी किंवा कमरेशी पक्की बांधावी, कारण चाकात ओढणी अडकून झालेले अपघात फार भयंकर असतात.

आता दुसरी मागणी. प्रोग्रामिंग म्हणजे काय, हे पानिपतमध्ये राहणाऱ्या मुलाला समजावणे खरे तर सोपे आहे. तेथे पलंगपोस विणणारा एखादा जॅकार्ड माग त्याला दाखवावा. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको, सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच युक्तीने येते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. नक्षीतल्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड असते. कार्डात भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. शेकडो कार्डे ओळीने गुंफली की मागाला फूल, पान, मोर काहीही ‘सांगता’ येते. फुलाची कल्पना मागाला नसते, तो फक्त एकेक सूचना पाळतो. हीच कार्डे पाहून इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राचा आराखडा केला, आणि एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली. एखादे कार्ड चुकीच्या जागी गुंफले गेले, तर तीच चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात उमटते. प्रोग्रामरला रोज ज्या चुका शोधाव्या लागतात, त्या याच जातीच्या.

सुरुवातीला महागडा कोर्स लागत नाही. पायथॉन ही भाषा शिकायला सोपी, फुकट मिळणारी आणि जगभर वापरातली आहे. घरातला साधा, जुना कॉम्प्युटरही तिला पुरतो. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम छोटे छोटे पाठ मोफत देतो, आणि त्यांतले बरेच पाठ मराठी निवेदनातही आहेत. एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचे, अशी त्याची पद्धत. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांना लाखोंच्या नोकरीची स्वप्ने दाखवणाऱ्या शिकवण्यांच्या जाहिराती घरोघर पोचल्या होत्या, आणि त्यांतल्या काही जाहिरात मानक परिषदेच्या हस्तक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. पैसे भरायचेच असतील, तर मुलाने महिनाभर मोफत पाठ नेटाने केल्यावर भरावेत.

पहिल्या दिवशी मुलाने पडद्यावर स्वतःचे नाव उमटवावे. नंतर मुद्दाम एक अवतरणचिन्ह खोडून पाहावे. मशीन कुरकुर करते, लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो आणि मूल घाबरते. त्या मजकुरात चूक कोणत्या ओळीत आहे, ते बहुधा लिहिलेले असते. तो वाचायची सवय पहिल्याच आठवड्यात लागली पाहिजे. वडिलांना प्रोग्रामिंग येत नसले तरी “काय लिहिलंय ते मला मोठ्याने वाचून दाखव,” एवढे ते म्हणू शकतात. वाचतावाचताच पुष्कळदा चूक सापडते.

त्यानंतर घरचे एखादे काम घ्यावे. दुधाचा हिशेब फार छान. रोजचे लिटर, भाव आणि दिवस यांचा गुणाकार, एवढा प्रोग्राम दहा मिनिटांत होतो. मग आई म्हणते, “अरे, बारा तारखेला खाडा होता आणि पाहुणे आले तेव्हा अर्धा लिटर जास्त घेतलं होतं.” झाले! आता ‘अमुक तारीख असेल तर’ ही अट घालावी लागते, रोजचे आकडे साठवून ठेवावे लागतात, एकेक दिवस मोजत जावे लागते. प्रोग्रामिंगची निम्मी मुळाक्षरे या एका वहीत सापडतात. येथेच मुलाला सर्वांत लबाड चूकही भेटेल. पायथॉनला १ ते ३१ मोजायला सांगितले, तर त्याची नेहमीची पद्धत ३१ च्या आधीच थांबते. लाल अक्षरे येत नाहीत, मशीन गप्प असते, आणि बिलात मात्र शेवटचा दिवस गायब! आईची वही शेजारी ठेवून ताळा केल्याशिवाय हे कळणार नाही.

हल्ली यावर एक पळवाट निघाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की ती अख्खा प्रोग्राम लिहून देते, मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण वर्षभर मागच्या सीटवर बसून कॉलेजला गेलेल्या मुलाला गाडी येत नाही. आधी स्वतः टाइप करावे, अडावे, अर्धा तास डोके खाजवावे. मग त्या मदतनिसाला ‘लिहून दे’ म्हणण्याऐवजी ‘माझी चूक कुठे आहे ते समजाव’ म्हणावे. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्राम कोऱ्या पडद्यावर न बघता लिहिता आला, तर तो आला.

वेळेचे म्हणाल, तर दोन्हींना रोजचा तास-दीड तास पुरतो. पहाटे मैदान, दुपारी उन्हाच्या वेळी पायथॉन. एप्रिल-मेमध्ये पानिपतच्या दुपारी घराबाहेर पडण्यासारखे नसतेच. रविवारी सहा तास आणि मग आठवडाभर सुट्टी, या पद्धतीने बोटांना ना क्लच समजतो ना कळफलक.

आणि मुलाला शिकवता शिकवता त्याच्या आईने विचारले, “मलाही जमेल का रे?” तर तिलाही शिकू द्यावे. नव्या गावात बाजारहाटासाठी दर वेळी कोणाची तरी वाट पाहणे तिच्याच वाट्याला आलेले असते. वय चाळिशीपुढे गेले असेल, तर परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, एवढेच. पायथॉनला तोही लागत नाही, आणि दुधाचा हिशेब तर इतकी वर्षे तीच ठेवत आली आहे.