बोलावलेले पर्यटक आणि न बोलावलेली गर्दी

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०२५-२६च्या अंदाजपत्रकात परदेशातल्या प्रसिद्धीसाठी ३.०७ कोटी रुपये ठेवले गेले. आदल्या वर्षी हीच तरतूद ३३ कोटींची होती आणि त्याच्याही आधी हा आकडा शेकडो कोटींत असायचा. मंत्रालयाचं एकूण अंदाजपत्रक मात्र अडीच हजार कोटींच्या वर आहे. परदेशी पाहुणे आणणाऱ्या टूर ऑपरेटरांची देशव्यापी संघटना, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स (आयएटीओ), हिने यावर उघड नाराजी व्यक्त केली आणि निधी पूर्ववत करा अशी मागणी लावून धरली. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, फ्रँकफर्ट इथली भारत पर्यटन कार्यालयं २०२३ मध्ये बंद करायचं आधीच ठरलं होतं. त्यावर आता हे. शेजारचे देश जोरात जाहिरात करत असताना आपण दुकानाची पाटीच उतरवली, असा संघटनेच्या तक्रारीचा सूर आहे.

आकड्यांवर माझा वाद नाही. २०१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२३ मध्ये ९५ लाखांच्या आसपास. कोविडपूर्व पातळी गाठलेली नसताना प्रसिद्धीचा पैसा जवळपास शून्यावर आणणं हे धोरण म्हणून विचित्रच आहे. बर्लिन किंवा लंडनच्या पर्यटन मेळ्यात स्टॉल लावायला मोठ्या कंपनीला सरकारी मदत लागत नाही, लहान माणसाला लागते. ती आटली की मेळ्यात मोठेच उरतात. इतपत मी संघटनेसोबत आहे. पण मी गेली काही वर्षं कोलकात्यात समाजशास्त्रात पीएचडी करतेय, आणि इथे बसून ही तक्रार वाचताना एक प्रश्न सतत टोचतो. पैसा आटला, की त्याने पत्ता बदलला?

त्याच अंदाजपत्रकात 'स्वदेश दर्शन' योजनेला १९०० कोटी आहेत. तीर्थस्थळांच्या विकासाची 'प्रसाद' योजना वेगळी. काशी विश्वनाथ कॉरिडॉरच्या धर्तीवर गयेच्या विष्णुपद मंदिराचा आणि बोधगयेच्या महाबोधी विहाराचा कॉरिडॉर करण्याची घोषणा जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात झालीच होती. म्हणजे सरकार पर्यटनावर खर्च करत नाही असं नाही. खर्च करतंय, फक्त बाहेरच्याला बोलावण्यावर नाही, तर आतल्याला कुठे जायचं आणि तिथे काय पाहायचं हे दाखवण्यावर. हीसुद्धा एखाद्या ठिकाणाची जाहिरातच आहे. तिच्याबद्दल मी वाचलेल्या निवेदनांत प्रश्न सापडत नाही.

हे फक्त दिल्लीचं नाही. माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या मांडवाचंही तेच. पश्चिम बंगाल सरकार २०१८ पासून दुर्गापूजा मंडळांना अनुदान देतं. सुरुवात १० हजार रुपयांनी झाली, २०२४ मध्ये ८५ हजार आणि २०२५ मध्ये प्रत्येक मंडळाला १ लाख १० हजार. मंडळं चाळीस हजारांच्या वर. गुणाकार केला तर किमान ४४० कोटी होतात, देशभराच्या परदेशी प्रसिद्धीच्या एकशे चाळीस पट. (सरकारं वेगळी, खातीही वेगळी, हे मला कळतं. पण राज्यसंस्थेला कशासाठी हात सैल सोडावासा वाटतो हे कळायला खाती बाजूला ठेवून बघावं लागतं.) डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रेड रोडवरच्या कार्निव्हलमध्ये परदेशी पाहुण्यांना बसवून मूर्तींची मिरवणूक दाखवली जाते. ब्रिटिश कौन्सिलच्या एका अभ्यासाने २०१९च्या पूजेभोवतीच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल ३२ हजार कोटींहून जास्त काढली होती. इथले पर्यटन व्यावसायिक हा आकडा अभिमानाने सांगतात.

या ३२ हजार कोटींचं एक टोक सियालदह स्टेशनच्या बाहेर बसलेलं असतं. पूजेच्या आधी जिल्ह्याजिल्ह्यांतून ढाकी येतात. ढाक खांद्याला, सोबत काशीची थाळी वाजवणारा एखादा पोरगा. स्टेशनच्या आवारात बसून वाजवत राहतात, मंडळांची माणसं येतात, ऐकतात, घासाघीस करतात आणि घेऊन जातात. ढाक वाजवणारे बहुतांश परंपरेने रुईदास, मुची, बायेन अशा दलित जातींतले. मेलेल्या जनावराचं कातडं ज्यांच्या हाताला लागतं त्यांच्याच हातून त्या कातड्याचा आवाज निघणार, ही वाटणी आपल्याकडच्या हलगी-डफड्याच्या वाटणीहून वेगळी नाही. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला आमच्या गावातल्या लग्नाच्या वरातीच आठवल्या. पोस्टरवर ढाकी हमखास असतो. ढाकीशिवाय बंगालची जाहिरात पूर्ण होत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीत मात्र तो नसतो, आणि त्या १ लाख १० हजारांतले किती त्याला द्यायचे हे सियालदहच्या फुटपाथवर ठरतं.

२०२५ मध्ये विजयादशमी २ ऑक्टोबरला आली. इथे विसर्जनाचा दिवस, आणि आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी मी गंगेच्या घाटावर नव्हते, खोलीत फोनवर होते. दीक्षाभूमीवरून आई बोलत होती आणि मागून इतका आवाज येत होता की दोन वाक्यांतलं एक कळत होतं. नागपूरला दरवर्षी लाखो माणसं येतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात, १ जानेवारीला भीमा कोरेगावला येतात. एकाही जाहिरातीशिवाय. कुठल्या संघटनेने रोड शो केला नाही, कुठल्या एजंटाने पॅकेज काढलं नाही. रेल्वेच्या जनरल डब्यातून, भाड्याच्या ट्रॅव्हल्समधून, टेम्पोतून माणसं येतात, पुस्तकं विकत घेतात, जेवतात, राहतात, परत जातात. पर्यटनशास्त्रात यालाच 'डेस्टिनेशन' यशस्वी होणं म्हणतात. पण ६ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात या माणसांसाठी शब्द असतो तो 'गर्दी'. त्यांचा विचार होतो तो बंदोबस्त म्हणून, वाहतूक कोंडी म्हणून, कचरा म्हणून. जो येत नाही त्याच्या मागे कोट्यवधी घेऊन धावायचं आणि जो स्वतःच्या खर्चाने येतो त्याच्याकडे अडचण म्हणून बघायचं, हा व्यवहार कुठल्याही दुकानदाराला वेडेपणाचा वाटेल. जातिव्यवस्थेच्या हिशोबात तो बरोबर बसतो.

आणि जेव्हा सरकार आमच्या ठिकाणांचा 'विकास' करायला येतं, तेव्हा दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळ खोदायला घेतं. १ जुलै २०२४ रोजी लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. पायी, बसने, रेल्वेने येणाऱ्यांच्या जागेत सर्वांत आधी सोय कशाची, तर गाड्यांची.

बुद्धाच्या बाबतीत तर गंमत आणखी पुढची आहे. 'इन्क्रेडिबल इंडिया' मोहीम सुरू झाली २००२ मध्ये, आणि त्याच वर्षी महाबोधी विहार जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून जपान, थायलंड, श्रीलंका, म्यानमार या देशांपुढे भारत ठेवला जातो तो बुद्धाची भूमी म्हणून. पर्यटन मंत्रालय २००४ पासून आंतरराष्ट्रीय बौद्ध परिषदा भरवतं. २०१८ची परिषद दिल्ली आणि अजिंठ्याला झाली. अजिंठा-वेरूळच्या पर्यटन विकासासाठी जपानकडून कर्जही घेतलं गेलं. बाहेर विकायला बुद्ध सर्वांत भरवशाचा माल. पण ज्या विहाराचा फोटो त्या प्रत्येक पत्रकावर असतो, त्याचा कारभार १९४९च्या बोधगया मंदिर कायद्याने चालतो. समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१३ पर्यंत तर जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर अध्यक्षपदी दुसरा हिंदू नेमायची तरतूद होती. फेब्रुवारी २०२५ पासून हा कायदा रद्द करा म्हणून भिक्खू आणि उपासक आंदोलन करतायत. त्यात महाराष्ट्रातून गेलेली माणसं कमी नाहीत. त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पी भाषणात बुद्धाच्या जीवनाशी संबंधित स्थळांवर विशेष भर देऊ असं सांगितलं गेलं.

मी शाळेत असताना आजीसोबत बोधगयेला गेले होते. वस्तीतल्या बायकांनी वर्षभर पैसे साठवून बस केली होती. पांढऱ्या साड्या, डब्यात दोन दिवसांच्या पोळ्या आणि चटणी. विहाराच्या आवारात एक गाईड परदेशी मंडळींना इंग्रजीत सांगत होता की बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार. आजीने मला विचारलं, "काय सांगून राहिला तो?" मी सांगितलं. आजी थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा त्याला कोणी दिल्याच नाही वाटते." बसमध्ये परत येईपर्यंत बायका त्यावर हसत होत्या. आज मागे वळून बघताना मला त्या हसण्यापेक्षा दुसरं काही दिसतं. त्या परदेशी मंडळींना इथवर आणायला सरकारी पैसा लागला असेल, त्या गाईडच्या प्रशिक्षणाला लागला असेल. आणि त्याच पैशाने आमच्या समोर, आम्हाला कळणार नाही अशा भाषेत, आमचा बुद्ध परत वैष्णव केला जात होता.

म्हणून मला १९३४ची गोष्ट इथे आणावीशी वाटते. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने माखलेली माणसं, दाराशी पाण्याचा हौद, त्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटवलं म्हणून जमाव धावून आला. किल्ला बघू दिला तो कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे नोंदवून ठेवलंय. भारतातल्या पर्यटनाचा इतिहास शिकवायचा तर पहिला धडा हाच असायला हवा, असं मला वाटतं. तिथे वर्गात आम्हाला थॉमस कुक शिकवतात.

आता ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्या परदेशी पर्यटकाकडे वळू. २०२३ मध्ये भारतात सर्वांत जास्त परदेशी पर्यटक कुठून आले? बांगलादेशातून, पाचातला जवळपास एक. त्यातले कितीतरी कोलकात्यात उतरायचे. मुकुंदपूरच्या इस्पितळांत उपचार, न्यू मार्केटात ईदची खरेदी, मार्क्विस स्ट्रीट आणि फ्री स्कूल स्ट्रीटवर मुक्काम. त्यांनी बर्लिनचा स्टॉल कधी पाहिला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलटली, भारताने व्हिसा आखडते घेतले आणि त्या गल्ल्या ओस पडल्या. हॉटेलातले पोरगे घरी गेले, पैसे बदलून देणाऱ्यांनी शटर ओढली. तिथेच बिहारमधून आलेले हातरिक्षावाले उभे असतात, त्यांच्यातले बरेच दलित. इस्पितळातून हॉटेलात आणि हॉटेलातून बाजारात पेशंटला ओढत नेणं हाच त्यांचा पर्यटन व्यवसाय. हा फटका प्रसिद्धीच्या तरतुदीने बसला नव्हता आणि प्रसिद्धीच्या तरतुदीने भरूनही निघणार नाही. 'उद्योगाचं नुकसान' म्हणताना हा रिक्षावाला उद्योगात मोजला जातो का, एवढं संघटनांनी सांगावं.

निधी परत द्या, जरूर द्या. पण परत देताना तो कोणाच्या हातात जातोय हे छापा. जुन्या मदत योजनेतून किती कंपन्यांना किती पैसे मिळाले आणि त्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या किती, हे मंत्रालयाने जाहीर करावं. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात २०१२ पासून ४ टक्के खरेदी दलित-आदिवासी उद्योजकांकडून करायची तरतूद आहे. जाहिरात संस्थेचं कंत्राट, मेळ्यातला मंडप, पत्रकांची छपाई, चित्रफिती, हे सगळं खरेदीतच येतं. बोधगया, सारनाथ, अजिंठा इथल्या गाईडांना काय शिकवलं जातं तो मजकूर बौद्ध अभ्यासकांसमोर ठेवावा. पूजेच्या अनुदानात ढाकीचं किमान मानधन आधी वेगळं काढावं, उरलेलं मंडळाला द्यावं. आयएटीओने यातली एक मागणी जरी आपल्या पुढच्या निवेदनात घातली तरी त्यांच्या ३.०७ कोटींच्या तक्रारीला आमच्यासारख्यांचा आवाज मिळेल. नाहीतर ती दोन सवर्ण घरांतली वाटणीची भांडणं आहेत, आम्ही अंगणातून ऐकतोय.

कोलकात्यातच, कॉलेज स्क्वेअरला, महाबोधी सोसायटीची इमारत आहे. अनागारिक धम्मपालांनी १८९१ मध्ये संस्था स्थापन केली, पुढच्या वर्षी याच शहरातून तिचं मासिक सुरू केलं आणि वर्गणीच्या जोरावर जगभरच्या बौद्धांना बोधगयेची वाट दाखवली. बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावरचा लेख १९५० मध्ये त्याच मासिकात आला. मी अधूनमधून तिथे जाऊन बसते. गेल्या खेपेला बाकावर अमरावतीकडची चार माणसं भेटली, गयेच्या गाडीला वेळ होता म्हणून आलेली. राहायची सोय कुठे आहे असं त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. शेवटी आम्ही सगळे हावड्याच्या वेटिंग रूमची चौकशी करायला निघालो.